आधी वायर काढा

धान घरात आलं की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत मंडया लागतात, मंडईच्या रात्री नाटक होतं, आणि नाटक म्हटलं की फ्लेक्स आलाच. नाटकमंडळी वडशाची, प्रेक्षक अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गावोगावचे. फ्लेक्सवर नायिकेच्या शेजारी सरपंच, उपसरपंच, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष यांचे फोटो कोणत्या क्रमानं लावले म्हणजे कोणी रागावणार नाही, याचा हिशेब करत डिझाइनवाला रात्री दोनपर्यंत जागतो. वर्षभर निमूट चालणारा त्याचा संगणक नेमका याच दिवसांत रुसतो.

रुसण्याच्या तऱ्हा ठरलेल्या. बटण दाबलं की पंखा फिरतो, पडद्यावर कंपनीचं चिन्ह येतं आणि गाडी तिथंच अडते. कीबोर्डवर काहीही दाबा, ढिम्म. नाहीतर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ उमटते. या डिस्कवर यंत्रणा नाही, दुसरी डिस्क घाला आणि कुठलंही बटण दाबा, असा तिचा मतलब. बटण दाबलं की पुन्हा तीच ओळ. मग मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसून सीपीयू माझ्या दुकानात येतो.

"कालपासून चालूच नाही होऊन राहिला जी. हार्डडिस्क उडाली म्हणते."

कोण म्हणते, हे मी विचारत नाही. माझ्याकडे येण्याआधी एखाद्याला दाखवून झालेलं असतं आणि त्यानं 'फॉर्मॅट मारावं लागेल' असा निकालही दिलेला असतो. मी सीपीयू टेबलावर ठेवतो, माझ्याकडचा मॉनिटर जोडतो, बटण दाबतो. अर्ध्या मिनिटात विंडोज हजर! आणणारा खजील होतो. "आता कसा काय झाला बाप्पा?" तो घरी नेतो, आणि तासाभरात फोन येतो की पुन्हा तेच.

या दुखण्यात दुकानात काय आलं यापेक्षा घरी काय राहिलं ते विचारावं लागतं. "घरी याले काय काय लावून असते?" मग यादी सुरू होते. माऊस, प्रिंटर, नेटचा डोंगल. आणि सगळ्यात शेवटी, आठवल्यासारखं, "अन् ते काळी डबी." म्हणजे एक्स्टर्नल हार्डडिस्क. तिची वायर महिनोन् महिने कोणी काढलेली नसते, म्हणून ती आता संगणकाचाच एक अवयव झालेली असते.

ही काळी डबी आमच्याकडे काय चीज आहे, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. फोटो स्टुडिओवाल्याचा एकेका लग्नाचा माल कॅमेऱ्याच्या कार्डातून निघाला की पन्नास-साठ जीबी सहज भरतो. संगणकाच्या पोटात तो मावत नाही, म्हणून डबीत जातो. हळद, वरात, जेवणावळ, पाठवणी. अल्बम छापून गेला, पैसे आले, की कायद्यानं त्याची जबाबदारी संपली. पण गावात कायद्यानं कोण वागतं? चार वर्षांनी त्या घरचा म्हातारा जातो. तेरवीच्या फ्लेक्सला फोटो हवा. म्हाताऱ्यानं हयातीत हौसेनं फोटो काढलेला नसतो. असतो तो आधार कार्डावरचा, आणि तो लावायची घरच्यांची इच्छा नसते. मग मुलगा स्टुडिओत येऊन म्हणतो, "आमच्या सुमीच्या लग्नात बाबा मांडवात बसून होते, पाहा ना." स्टुडिओवाला डबी उघडतो, सुमीचं लग्न काढतो, आणि जेवणाऱ्यांच्या मागं, खांबाला टेकून, कोणाकडे तरी पाहून हसणारा म्हातारा सापडतो. तेवढाच चेहरा कापून घ्यायचा, मागचा खांब पुसायचा, खांद्यावरचा दुपट्टा सरळ करायचा. आमच्या चौकातले कितीतरी श्रद्धांजलीचे फ्लेक्स असे कुणाच्या तरी लग्नातून निघालेले आहेत.

तेव्हा डबीसकट संगणक बंद पडला की स्टुडिओवाल्याचा चेहरा का उतरतो, हे मला समजतं. गंमत अशी की डबीत सगळं शाबूत असतं आणि संगणकही धडधाकट असतो. अडतं ते दोघांच्या गाठभेटीत, सुरू होण्याच्या पहिल्या काही सेकंदांत.

त्या सेकंदांत घडतं काय? बटण दाबल्यावर संगणकाला विंडोज वगैरे काही ठाऊक नसतं. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये छोटा प्रोग्राम कायमचा लिहिलेला असतो. जुन्या यंत्रांत तो बायोस, नव्यांत यूईएफआय. तो आधी मेमरी, कीबोर्ड, पडदा तपासतो, मग एक यादी घेऊन दारोदार फिरतो: तुझ्याकडे यंत्रणा आहे का, तुझ्याकडे आहे का? यादीतला क्रम महत्त्वाचा. बऱ्याच संगणकांत, विशेषतः जुन्या आणि जोडून घेतलेल्या, या यादीत बाहेरून लावलेली वस्तू वर असते आणि पोटातली हार्डडिस्क खाली. पाहुण्याला आधी ताट, घरचे मागून, असा हा रिवाज. पाहुणा समंजस असला तर 'माझं झालं, तुम्ही बसा' म्हणतो. पण कधी तो पाटावर बसतो, जेवत नाही, उठतही नाही, आणि अख्खी पंगत खोळंबते.

हा रिवाज मूर्खपणातून आलेला नाही. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या पोटात हार्डडिस्क नव्हतीच. यंत्रणा फ्लॉपीवरून यायची. १९८३च्या एक्सटी मॉडेलमध्ये १० एमबीची हार्डडिस्क आली, तरी आधी फ्लॉपी पाहायची आणि ती नसेल तर हार्डडिस्क, हा क्रम राहिला. विंडोजमध्ये आजही पोटातल्या डिस्कचं नाव 'सी' असतं, कारण ए आणि बी ही अक्षरं फ्लॉप्यांना दिलेली होती. फ्लॉपी गेली, तिची अक्षरं तशीच मोकळी पडून आहेत. बाहेरची डिस्क आधी पाहण्यात मोठा फायदा होता. पोटातली डिस्क आजारी पडली तर बाहेरून फ्लॉपी लावून यंत्र उठवता यायचं. आजही माझी रोजीरोटी याच क्रमावर चालते. गिऱ्हाइकाची विंडोज खरोखर बिघडली असेल तर मी माझा लिनक्सचा पेनड्राइव्ह लावतो, त्यावरून संगणक उठवतो आणि आतले फोटो, टॅलीचा डेटा, शाळेचे निकाल सुखरूप बाहेर काढतो.

आता पाहुणा अडून बसतो म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. डिस्कचा अगदी पहिला तुकडा ५१२ बाइट्सचा असतो. त्याच्या शेवटच्या दोन बाइट्समध्ये एक खूण असते, सोळाच्या अंकपद्धतीत लिहिली तर ५५ आणि एए. जुना बायोस फक्त ही खूण पाहतो. खूण दिसली की तो समजतो इथं यंत्रणा आहे, आणि त्या तुकड्यातला प्रोग्राम चालवून मोकळा होतो. पण साधा फोटो भरायचा पेनड्राइव्ह फॉर्मॅट केला तरी ही खूण त्यावर बहुतेक वेळा बसतेच. प्रोग्राम चालतो, त्याला विंडोज सापडत नाही, आणि तो प्रामाणिकपणे पडद्यावर लिहितो की यंत्रणा नाही. ती ओळ पेनड्राइव्हची असते. मालकाला वाटतं की संगणकच बोलला, आणि तो हार्डडिस्क उडाल्याची बातमी गावभर करतो.

चिन्हावर थांबून राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथं डबी म्हातारी झालेली असते, किंवा टेबलावरून एकदा पडलेली. बायोस विचारतो, तुझ्याकडे काय आहे? डबी सांगते थांब, पाहते. आतली तबकडी फिरते, टिक टिक होते, वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न होतो. कीबोर्डही त्याच यूएसबीच्या वाटेनं जोडलेला, म्हणून तोही मुका. वायर उपसा, आणि दोन-चार श्वासांत विंडोजची चक्री फिरायला लागते. हे पाहिलेल्या माणसाला पुन्हा काही शिकवावं लागत नाही. डबीनं दिलेला इशारा मात्र त्यानं ऐकावा आणि त्याच दिवशी तिच्यातला माल दुसऱ्या डिस्कवर घ्यावा.

कधी डबी निर्दोष असते आणि दोष विजेचा असतो. यूएसबी २.० च्या एका भोकातून मानकानुसार ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० च्या निळ्या भोकातून ९००. फिरत्या तबकडीच्या डिस्कला फिरायला सुरुवात करतानाच सर्वांत जास्त वीज लागते. त्यात सीपीयूच्या पुढच्या भोकाची आतली वायर हलकी असली, म्हणजे डबी अर्धवट फिरून पुन्हा बसते. मागच्या बाजूचं, थेट मदरबोर्डवरचं भोक वापरा, जाड आखूड वायर घ्या, बहुतेकांचं भागतं.

पाहुण्यांत डोंगलही मोडतात. नेटचे जुने डोंगल आणि ग्रामपंचायतीत सरपंच-ग्रामसेवकांच्या डिजिटल सहीचे टोकन, यांतल्या काहींच्या पोटात आपलंच सॉफ्टवेअर भरलेलं असतं आणि संगणकाला ते सीडीसारखं दिसतं. सीडी दिसली की बायोस पुन्हा चौकशीला थांबणार. टोकन काढून कपाटात ठेवावं हे सहीच्या सुरक्षेसाठीही बरं. पण ते सांगायला गेलं की ऑपरेटर म्हणतो, "काढलं तर हरपते जी."

फ्लॉपीच्या काळात या क्रमानं याहून मोठा घोळ घातला होता, आणि त्यातली एक गोष्ट महाराष्ट्रात घडली. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस. तो फ्लॉपीच्या पहिल्याच तुकड्यात जाऊन बसायचा. पुढं १९९१मध्ये सापडलेला मायकेलअँजेलो त्याच वाटेनं आला. विसरून आत राहिलेल्या फ्लॉपीवरून संगणक सुरू झाला की तो हार्डडिस्कवर उतरायचा, आणि ६ मार्चला, त्याच नावाच्या शिल्पकाराच्या वाढदिवशी, डिस्कच्या सुरुवातीचा भाग पुसून टाकायचा. त्या दिवसांत पुण्यात रहिमतपूरचे कैलास काटकर दुरुस्तीचं दुकान चालवत होते. शिक्षण दहावीपर्यंत, कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते संगणकांकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडायचे. धाकटे भाऊ संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी ते व्हायरस काढायची साधनं लिहायला घेतली, मायकेलअँजेलोवरचा उतारा त्यांतलाच. त्यातून १९९५च्या सुमारास क्विक हील बाजारात आलं. आमच्यासारख्या टेबल-स्क्रूड्रायव्हरवाल्यांना ही गोष्ट आवडते, कारण तिची सुरुवात दुरुस्तीच्या टेबलावर, गिऱ्हाइकाच्या बिघडलेल्या यंत्रापाशी झाली. त्या काळी जाणकार एक साधी गोष्ट आवर्जून सांगायचे. बायोसमध्ये जाऊन 'ए मग सी' हा क्रम उलटा करा. विसरलेल्या फ्लॉपीचा निम्मा धोका तेवढ्यानं टळायचा.

आजचं औषधही तेच. संगणक सुरू होताना एफ-२ किंवा डिलीट दाबून सेटिंगमध्ये जायचं, एचपीला बहुधा एफ-१०. बूट नावाच्या पानावर पोटातली डिस्क सर्वांत वर आणायची. नव्या यंत्रांत तिथं 'विंडोज बूट मॅनेजर' असं लिहिलेलं असतं. यूएसबी खाली ढकलायची, जतन करायचं, बाहेर पडायचं. कधीकाळी पेनड्राइव्हवरून उठवायची वेळ आलीच तर डेल-लेनोव्होला एफ-१२, एचपीला एफ-९ दाबून तेवढ्यापुरता पाहुणा निवडता येतो.

मात्र नव्या लॅपटॉपवर हे करण्याआधी एक चौकशी करावी. त्यातली डिस्क अनेकदा बिटलॉकरनं कुलूपबंद असते, मालकाला पत्ताही नसतो. सुरू होण्याच्या क्रमात फेरफार दिसला की ते कुलूप ४८ आकडी किल्ली मागू शकतं. किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि खातं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोरानं आपल्याच ई-मेलवर काढून दिलेलं. पोरगं आता पुण्यात, नंबर बदललेला. अशा वेळी माझ्याकडे उपाय नसतो, कोणाकडेच नसतो.

उलटं दुखणंही असतं, ते विरळ पण फार मजेदार. गोठणगावकडच्या तिबेटी वसाहतीतला एक तरुण हिवाळ्यात स्वेटर विकायला परगावी गेला आणि परत आला तो बंद लॅपटॉप घेऊन. त्याची तक्रार अशी की घरी चालतो, बाहेर नेला की चालत नाही. घरी त्याला डबी लावलेली असायची! कोणीतरी विंडोज भरताना डबी तशीच लावून ठेवली होती, आणि विंडोजनं स्वतः पोटात बसूनही सुरू होण्याच्या फायली डबीवर टाकल्या होत्या. मालक आत, किल्ली पाहुण्याच्या खिशात. पेनड्राइव्हवरून उठवून बीसीडीबूट नावाची एक ओळीची आज्ञा दिली, फायली आतल्या डिस्कवर लिहिल्या गेल्या. मग डबीशिवाय लॅपटॉप उठला तेव्हा तो नुसता हसला आणि म्हणाला, "म्हणजे एवढे दिवस मी उगाच हे ओझं वागवत होतो."

विंडोज भरताना बाहेरचं सगळं काढून ठेवावं, हा नियम म्हणूनच. खुद्द मायक्रोसॉफ्टनंही २०१९च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटच्या वेळी हेच सांगितलं होतं. बाहेरची यूएसबी डिस्क किंवा मेमरी कार्ड लावलेलं असेल तर अपडेट थांबवलं जायचं, कारण त्यात डिस्कांची अक्षरं इकडची तिकडं होत होती. अक्षरांचा गोंधळ आमच्याकडे टॅलीवाल्यांना कळतो. काल ई असलेली डिस्क आज एफ झाली की धान खरेदीचा सगळा हिशेब 'गायब' होतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डबीला झेडसारखं लांबचं अक्षर देऊन टाकलं की ती कटकट मिटते.

आणखी एक छळ पावसाळ्यातला. डबीवर काम चालू असताना लाइन जाते. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना म्हणतो, डिस्क तपासतो आहे, इतके टक्के झालं. दोन टीबीची डबी असेल तर हे टक्के मुंगीच्या पायांनी चालतात. माणूस वैतागून बटण बंद करतो, आणि डबी आणखी आजारी पडते. तपासणी सुरू होण्याआधी काही सेकंद मिळतात, तेव्हा कुठलंही बटण दाबलं की ती टळते. एकदा सुरू झालीच तर चहा पिऊन यावं. त्या वेळी धीर धरणं हीच दुरुस्ती.

आता ज्याचा मला खरा राग आहे त्याबद्दल. आमच्या धंद्यात 'फॉर्मॅट मारणे' हे सर्व रोगांवरचं एकच इंजेक्शन झालं आहे. ते सोपं आहे, त्याचे ठरलेले पैसे मिळतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की मोठं काम झालं. वायर काढून संगणक चालू झाला तर पैसे कशाचे मागायचे? मलाही हा प्रश्न पडतो. पाच मिनिटांच्या निदानाला आमच्याकडे मोल नाही, तीन तासांच्या पुसापुशीला आहे. त्या पुसापुशीत कोणाच्या सुमीचं लग्न जातं, कोणाच्या बाबांचा एकुलता एक फोटो जातो, कोणा मास्तरांनी वीस वर्षं गोळा केलेल्या झाडीबोलीतल्या म्हणी जातात. पुसणाऱ्याला ते दिसतही नाही, कारण त्यानं आत पाहिलेलंच नसतं. गिऱ्हाइकानं पाहण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली तर दुकानदार पाहू लागतील, असं माझं मत आहे. मी निदानाचे पैसे घेतो, आणि त्यावरून दोन शब्द ऐकूनही घेतो.

तेव्हा वाचकहो, संगणक सुरू झाला नाही तर दुकान गाठण्याआधी एवढं घरीच करा. पूर्ण बंद करा, भिंतीवरचं बटणही बंद. कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर सोडून बाकी जे जे लावलेलं असेल ते सगळं उपसा. पेनड्राइव्ह, डबी, डोंगल, मेमरी कार्ड, प्रिंटर, चार्जिंगला लावलेला मोबाइलसुद्धा. मिनिटभर थांबून सुरू करा. चालला, तर एकेक वस्तू परत लावून अडणारी कोणती ते शोधा. नाही चालला, तर सीपीयूबरोबर डबी आणि तिची वायरही दुकानात न्या, नुसता सीपीयू नेऊ नका. आणि टेबलावर ठेवतानाच सांगा की मला विचारल्याशिवाय फॉर्मॅट मारायचं नाही. जमलं तर हे बिलाच्या कागदावर लिहून घ्या.